मातीचा तास

आपल्या शाळेच्या वेळापत्रकात शनिवारी दुपारी मातीकामाचा एक तास असतो. तो बंद करून त्या वेळेत स्पर्धा परीक्षांची तयारी घ्यावी, अशी सूचना अलीकडच्या पालकसभेत आली. एक पालक मला म्हणाले, "गुरुजी, आमच्या बापजाद्यांचा जन्म चिखलातच गेला. पोराच्या हाती लेखणी यावी म्हणून त्याला इथे ठेवलं. आणि तुम्ही पुन्हा मातीच देता?" या प्रश्नामागे पिढ्यांची वेदना आहे. म्हणून त्याला उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. माती कधीच हीन नव्हती. ती कोणी मळावी हे जन्मावरून ठरवणारी व्यवस्था हीन होती. ती सक्ती झुगारताना हाताचे कौशल्यही आपण टाकून दिले, तर श्रमावर मारलेला हीनतेचा शिक्का आपणच मान्य केला, असे होईल. लेखणी आणि माती यांपैकी एकच निवडा, ही अट आपली नव्हे.

बुद्धांच्या परंपरेत तर कुंभाराला मानाचे स्थान आहे. मज्झिम निकायातील घटिकार हा अंध, वृद्ध आईवडिलांना सांभाळणारा कुंभार. जीवहत्या टळावी म्हणून तो जमीन खणत नसे. ढासळलेल्या काठाची किंवा उंदरांनी उकरलेली माती वापरत असे. राजगृहात एका कुंभाराच्या घरीच बुद्धांनी पुक्कुसातीला पृथ्वी आदी धातूंचे विवेचन ऐकवले. आणि सतिपट्ठान सुत्तात श्वासाचे भान समजावताना उपमा दिली, ती कुशल कातारी कारागिराची. हात काय करीत आहेत हे मनाने जाणणे, हीच तेथे सम्यक स्मृतीची खूण आहे.

आमच्या वर्गात हेच घडते. एका सहावीतल्या मुलाने बैल केला. वाळताना त्याचे पाय गळून पडले. पुढच्या शनिवारीही तेच झाले. जोडाच्या दोन्ही बाजू ओरखडून, पातळ चिखल लावून, हलकेच दाबून धरावे लागते. तो मात्र घाई करीत होता. तिसऱ्या वेळी त्याने प्रत्येक पाय श्वास मोजत धरून ठेवला. बैल उभा राहिला. ध्यानाच्या तासाला चुळबूळ करणारा हाच मुलगा त्या दिवशी अर्धा तास जागचा हलला नाही. माती ओरडत नाही, गुणही देत नाही; लक्ष उडाले की तडा दाखवते.

काही बांधवांना मूर्ती या शब्दाचीच धास्ती वाटते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ती स्वाभाविक आहे. पण आम्ही पूजेसाठी काही घडवत नाही. मुले आजी, शेळी, झोपडी, स्वतःचा पंजा करतात. बहुतेक आकृत्या वाळल्यावर पुन्हा पाण्यात विरघळतात आणि पुढच्या वर्गाची माती होतात. अनिच्च शिकवायला याहून सोपा पाठ मला सापडलेला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या आकृती आहेत. त्या घडवणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. त्यांच्या हातांची साक्ष तेवढी उरली. आपल्या मुलांच्या हाती लेखणीही आहे. आपण घडवलेल्या वस्तूखाली ती आपले नावही लिहू शकतात. हा फरक लहान नाही.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे आहे : परीक्षेची तयारी अवश्य वाढवा, पण मातीचा तास राहू द्या. आणि माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या शनिवारी येऊन मुलांच्या पंक्तीत बसावे, माती मळावी, मगच मत द्यावे.

जय भीम.