'सर, अंदाजाने टाकू का?'



वर्गात हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. गणित अडलं की मूल खडू हातात धरून आपल्या तोंडाकडे बघतं आणि विचारतं, "सर, अंदाजाने टाकू का?" आम्ही सोयगावात शिष्यवृत्तीची तयारी घेतो, तेव्हा तर हे रोजचंच. चार पर्याय, एक गोल. येत नसेल तरी एक गोल काळा करायचा. आपणच शिकवतो ना, "मोकळं सोडू नका रे!" त्या परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण हळूहळू मुलांना वाटायला लागतं की उत्तर म्हणजे नशीब. मला खरी काळजी त्याची वाटते.

यावर मला सापडलेला एक उपाय म्हणजे अवघड सुडोकू. पेपरात येतो तो साधा नव्हे, दोन-तीन प्रकारांचे नियम एकत्र केलेला मिश्र सुडोकू. त्यात नेहमीचा नियम असतोच. आडव्या ओळीत, उभ्या रकान्यात आणि ३×३ च्या चौकोनात १ ते ९ एकदाच. त्यावर तुटक रेषेने बांधलेले गट असतात, त्यांची फक्त बेरीज दिलेली असते. शिवाय काही घरं राखाडी रंगवलेली, तिथे समसंख्याच हवी. सुरुवातीला भरलेले अंक अगदी थोडे, कधीकधी एकही नाही.

एक उदाहरण फळ्यावर मांडून बघा. एका ३×३ चौकोनात तीन गट आहेत. दोन घरांचा गट, बेरीज १०. तीन घरांचा गट, बेरीज ११. आणखी तीन घरांचा गट, बेरीज १७. एक घर सुटं. आता १ ते ९ ची बेरीज ४५. गटांची बेरीज १० + ११ + १७ = ३८. म्हणजे सुट्या घरात ७. एकही अंक दिलेला नसताना पहिलं घर पक्कं झालं!

पुढे बघा. १० च्या गटात १-९, २-८, ३-७ किंवा ४-६ बसतात. ७ वापरला गेला, म्हणून ३-७ गेलं. त्या गटातलं एक घर राखाडी आहे, म्हणून १-९ पण गेलं. उरले २-८ आणि ४-६. इथे मुलं म्हणतात, "सर, आता दोनच राहिले, टाकू का एक?"

नाही! थांबा. २-८ धरलं तर ११ च्या गटात १, ४, ६ च येतात आणि १७ च्या गटात ३, ५, ९ उरतात. ४-६ धरलं तर ११ च्या गटात १, २, ८ येतात आणि १७ च्या गटात? पुन्हा ३, ५, ९! म्हणजे १० च्या गटाचा निकाल लागलेला नसतानाही १७ च्या गटात काय आहे ते आपल्याला ठाम माहीत झालं. त्या १० च्या गटाच्या ओळीत पुढे कुठे ८ सापडला, की ४-६ आपोआप ठरेल.

मला वाटतं, गणितातलं हे फार मोठं शिक्षण आहे. सगळं कळलेलं नसतानाही काहीतरी खात्रीने सांगता येतं. आणि जे अजून ठरलेलं नाही, ते न ठरवता ठेवता येतं. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. न उमललेलं बोंड ती ओढत नाही, पुढच्या वेचणीला ठेवते.

मी स्वतः आधी अंदाजानेच भरायचो. एकदा तासभर बसून कोडं सोडवत आणलं आणि शेवटच्या ओळीत दोन ५ आले. चूक नेमकी कुठे झाली तेच सापडेना. सगळं खोडावं लागलं. एका अंदाजाची ती किंमत.

"पण सर, हे परीक्षेला येतं का?" एका पालकांनी मला सरळ विचारलं. नाही येत, भाऊ. पण घराघरात पाढे पाठ असलेली पोरं शाब्दिक उदाहरण आलं की घाबरतात, ती का? कारण पहिली पायरी कोणती ते कुणी सांगत नाही आणि शोधायची सवय नाही. ती सवय इथे लागते.

कोड्यांना 'टाइमपास' म्हणणाऱ्यांनी देवळालीचे द. रा. कापरेकर आठवावेत. साधे शाळामास्तर. आकड्यांशी खेळता खेळता त्यांनी ६१७४ ही संख्या जगाला दिली. जपानमध्ये तेत्सुया मियामोतो या गणित शिक्षकाने २००४ साली मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून बेरीज-गुणाकाराच्या गटांचं 'केनकेन' हे कोडं तयार केलं. आणि सुडोकूची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात भरली होती. तेव्हा हा खेळ काही परका नाही.

अर्थात नवव्या घराला एकदम हात घालू नका. चौथीच्या मुलांना ४×४ द्या. तिथे ओळीची बेरीज १०. तीन घरांची ७ असेल तर चौथं घर ३, हे ती टाळ्या वाजवत सांगतात. पेन्सिलच वापरा. घराच्या कोपऱ्यात शक्यता बारीक लिहू द्या. मोबाईलवर 'हिंट'चं बटण असतं, म्हणून कोडं कागदावरच द्या. ज्या मुलाला आवडणार नाही त्याच्यावर सक्ती नको.

आणि एक नियम माझ्या वर्गात पक्का आहे. अंक लिहिला की 'का?' सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर बरोबर अंकही खोडायचा. परवा एक मुलगी फळ्यापाशी बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, "काय गं, अडलं?" ती म्हणाली, "नाही सर, अजून ठरलं नाही."

या उत्तराला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. तुम्हीही या रविवारी मुलांसोबत एक कोडं घेऊन बसा. आधी स्वतः अडकून बघा, मग मुलांना शिकवा.