जहाज कोणासाठी थांबते?

सदर : कुटुंब आणि प्रवास

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली, की अहिल्यानगरच्या कापड बाजारात आणि जिल्ह्यातील लहानमोठ्या पेठांत घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. पालिताणा, सम्मेद शिखरजी, श्रवणबेळगोळ ही नावे तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीला मुंबईहून सुटणारे पर्यटन जहाजही आले आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर ही जहाजे फिरत नाहीत. चातुर्मास सरत येतो त्याच सुमारास त्यांचा हंगाम उघडतो. जहाजावर जैन भोजनाची सोय होऊ लागल्यापासून, समुद्राचे दर्शन क्वचितच घडणाऱ्या आपल्या जिल्ह्यातूनही कुटुंबेच्या कुटुंबे माळशेज घाट उतरून मुंबईची वाट धरू लागली आहेत.

अशाच एका कुटुंबाने मुंबई-गोवा-मुंबई असा प्रवास ठरविला. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. सोबत मुलगा, सून, दोन नातवंडे आणि पुण्याहून येणारी आत्या. तिकिटे निघाली, सामानाची यादी झाली आणि मग एक प्रश्न पुढे आला. मुरगाव बंदरात जहाज दिवसभर उभे राहणार होते. त्या दिवशी जहाजानेच आखलेल्या सहलीत बसने जावे, की बंदराबाहेर आपली स्वतंत्र गाडी ठरवावी? मुलाचे मत जहाजाच्या सहलीकडे होते. नातवाने कागदावर हिशेब मांडून गाडी स्वस्त पडते असे दाखविले. आजींची इच्छा मात्र वेगळीच होती. फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे भग्नावशेष आहेत, असे त्यांनी पूर्वी एका व्याख्यानात ऐकले होते. तेथे एक सामायिक करावे, एवढेच त्यांचे मागणे होते. दोन मते ऐकून त्यांनीच तोडगा काढला : ‘तुम्ही सर्व जण फिरून या, मी जहाजावरच थांबते. माझ्यामुळे कोणाचा खोळंबा नको.’ सुनेला तो तोडगा मान्य झाला नाही.

हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. प्रत्यक्षात तो कशाचा आहे, हे नगरकरांना समजावून सांगण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. शिर्डीला रेल्वेने उतरलेला आंध्र-तामिळनाडूचा भाविक रोज याच पेचात असतो. शिर्डीहून शनिशिंगणापूर सुमारे ७० कि.मी. संध्याकाळची गाडी पकडून परतायचे असते. ज्या यात्रा कंपनीने आणले, तिच्याच बसने जावे तर ती सर्वांना घेऊन, सर्वांच्या सोयीने चालते. स्वतंत्र गाडी केली तर मर्जीप्रमाणे थांबता येते. पण वाटेत रस्ता तुंबला आणि रेल्वे निघून गेली, तर त्याचा भार ज्याचा त्यानेच सोसायचा. शिर्डीचे पॉलिशवाले आणि शिंगणापूरचे लटकू ठाऊक असलेल्या माणसाला बंदराच्या फाटकाबाहेर ‘चला, सगळे दाखवतो’ म्हणून पुढे येणाऱ्यांचेही नवल वाटणार नाही.

जहाजाच्या सहलीला जे जादा पैसे पडतात, ते केवळ बस आणि मार्गदर्शकाचे नसतात. ती वेळेच्या जोखमीची किंमत असते. जहाजाच्या वतीने निघालेली बस वाटेत अडकली, तर जहाज बहुधा तिची वाट पाहते. थांबणे अशक्यच झाले, तर त्या प्रवाशांना पुढील बंदरात पोहोचविण्याची व्यवस्था जहाज कंपनी करते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशासाठी मात्र जहाज थांबत नाही. बंदरातील जागा, वाटाड्या, भरती-ओहोटी हे सारे ठरलेल्या वेळेशी बांधलेले असते. शिवाय ‘सर्वांनी परत यावे’ ही वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. हुंडी आणि विमा यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या समाजाला हे लवकर उमगावे. जोखीम दुसऱ्याच्या शिरावर टाकायची, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. तो द्यावा की नाही, हे जोखीम किती मोठी आहे यावरून ठरते.

जोखीम मोजण्याच्या दोन बाबी आहेत. पहिली, बंदरापासून स्थळ किती दूर आहे. दुसरी, जहाज चुकलेच तर घरी कसे परतता येईल.

कोचीचे उदाहरण घ्यावे. जहाज विलिंग्डन बेटापाशी लागते आणि मट्टनचेरी तेथून अवघ्या काही कि.मी.वर आहे. गुजराती व्यापाऱ्यांच्या वस्तीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभे राहिलेले धर्मनाथ भगवंतांचे मंदिर, १५६८ मधील परदेसी सिनेगॉग आणि डच राजवाडा हे सारे त्याच परिसरात येते. येथे जहाजाच्या बसची आवश्यकता नाही; साधी रिक्षासुद्धा पुरते. वार मात्र पाहून जावे. सिनेगॉग शनिवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बंद असते, तर राजवाडा शुक्रवारी बंद असतो. लक्षद्वीपची गोष्ट याच्या अगदी उलट. तेथे प्रवेशाला परवाना लागतो, जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकते आणि लहान होड्यांतून प्रवाशांना उतरविले जाते. समुद्र खवळलेला असेल, तर उतरणेच रद्द होते. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

परदेशी हेच गणित अधिक कठोर होते. मलेशियातील पेनांग येथे जहाज जॉर्ज टाऊनच्या अगदी जुन्या वस्तीजवळ लागते. तेथे पायी फिरावे. परंतु रोमसाठी ज्या चिवितावेक्किया बंदरात उतरतात, ते रोमपासून सुमारे ८० कि.मी. दूर आहे, बँकॉकसाठीचे लाएम चाबांग शंभराहून अधिक कि.मी.वर. अशा ठिकाणी जहाज चुकले, तर सामान आणि औषधे जहाजावर आणि प्रवासी परक्या देशात, अशी अवस्था होते. पुढच्या देशाचा व्हिसा नसेल, तर पुढील बंदर गाठणेही कठीण. तेथे जादा पैसे देऊन जहाजाचीच सहल घेण्यात शहाणपण आहे.

मात्र जहाजाच्या सहलीलाही तिच्या मर्यादा आहेत. चाळीस-पन्नास माणसांची बस ठरलेल्या वाटेनेच जाते. वाटेतील जेवण ठरलेल्या उपाहारगृहात असते. तेथे कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे आधी कळविले नसेल, तर फळांवर दिवस काढावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. नवकारसी पाळणाऱ्याला त्यानंतर ४८ मिनिटे थांबावे लागते, म्हणजे पावणेआठ वाजून जातात; बसची वेळ आठची असेल, तर त्याची न्याहारी हुकते. सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या आसपास. बस त्यानंतर परतली, तर चौविहार करणाऱ्याला त्या दिवशीचे सायंभोजन सोडावे लागते. आणि बांदिवडे तर बसच्या वाटेवर नव्हतेच. असते तरी एकेका स्थळी अर्धा तास देणाऱ्या सहलीत ४८ मिनिटांचे सामायिक बसले नसते.

आत्याने हे सारे ऐकून घेतले आणि हिशेब नव्याने मांडला. मुरगावहून बांदिवडे सुमारे ३५ ते ४० कि.मी., म्हणजे तासाभराचा रस्ता. गर्दी धरली तर दीड तास. जहाज चुकलेच, तर मडगावहून कोकण रेल्वेने मुंबई गाठता येते. आपलाच देश, आपलीच भाषा जाणणारी माणसे. जोखीम होती, पण झेपण्याजोगी होती. जहाजाची सहल दरमाणशी आकारली जाते, तर गाडीचे भाडे गाडीमागे. दोघेच जाणार असते, तर फरक फारसा पडला नसता. सहा जणांत तो पडत होता. तेव्हा गाडीच ठरली, मात्र आत्याच्या अटींवर.

पहिली अट, स्थळे दोनच. नातवंडांना अग्वादचा किल्लाही हवा होता. पण तो मांडवीपलीकडे, अगदी दुसऱ्या टोकाला. तो सोडला. बांदिवडे आणि जुन्या गोव्यातील जागतिक वारशाच्या वास्तू एवढ्यावर समाधान मानले.

दुसरी अट, सर्वांत दूरचे स्थळ आधी पाहायचे आणि नंतर बंदराकडे सरकत यायचे. परतीची वेळ जहाजाने सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधीची धरायची.

तिसरी, गाडी आधी ठरवायची. भाडे, तास आणि थांबे लेखी घ्यायचे. काजूच्या दुकानाचा थांबा त्यात नाही, हे चालकाला आधीच सांगायचे. आयत्या वेळी मोबाईलवरून टॅक्सी मागविण्यावर भिस्त ठेवायची नाही.

चौथी, बंदर हे संरक्षित क्षेत्र. खासगी गाडी बहुधा फाटकाबाहेरच उभी राहते. आजींना किती चालावे लागेल आणि फाटकापर्यंत बंदराची बस आहे का, हे आदल्या रात्री जहाजाच्या स्वागतकक्षात विचारून घ्यायचे.

पाचवी, दिवसभराची औषधे, ओळखपत्र, थोडी रोकड आणि बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मोठ्या माणसाजवळ असायचा. परदेशी प्रवासात यांत पारपत्राच्या प्रतीची भर घालावी आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावे. किनाऱ्यावरची वेळ निराळी असू शकते.

जेवणाचा डबा घरचाच होता. ठेपले, खाकरे आणि मेथीची चटणी अहिल्यानगरहूनच निघाली होती.

ठरल्या दिवशी नवकारसी झाल्यावर मंडळी उतरली. आधी बांदिवडे झाले. वर छत नसलेल्या जांभ्या दगडाच्या भिंती, भोवती झाडी आणि शांतता. पाहण्याजोगे काही नाही असे नातवाला क्षणभर वाटले. आजींनी सावलीत आसन अंथरले आणि मुहपत्ती बांधून त्या सामायिकाला बसल्या. सून त्यांच्या शेजारी बसली. घड्याळाकडे पाहण्याचे काम आत्याने आपल्याकडे घेतले होते, म्हणून इतर कोणाला ते पाहावे लागले नाही. ४८ मिनिटांनी आजी उठल्या तेव्हा नातवाने त्यांचा हात धरला आणि भिंतीवरचे कोरीव काम कोठे दिसते का, ते दोघे मिळून पाहू लागले.

दुपारी जुने गोवे झाले. साडेतीनला गाडी बंदराच्या फाटकाशी होती. वाटेत एका पुलाजवळ अर्धा तास रस्ता तुंबला होता. हाताशी राखलेल्या दोन तासांतून तो वजा झाला, इतकेच. सूर्य मावळण्यापूर्वी सहाही जणांनी जहाजावर एका टेबलाशी बसून भोजन केले. आजींनी नंतर पच्चक्खाण घेतले आणि जहाज सुटताना पाहण्यासाठी त्या नातवंडांबरोबर वर गेल्या.