होडीत आधी पाणी भरा!

बालमित्रांनो,

आज घरी गेल्यावर आजीला विचारा, "आजी, आपल्याकडे जर्मनचं पातेलं आहे का?" आजी लगेच काढून दाखवेल. हे 'जर्मन' म्हणजे आपलं ॲल्युमिनियम, बरं का! त्याच धातूच्या एका होडीची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथं इतकी तळी आहेत, की त्याला 'दहा हजार तळ्यांचं राज्य' असंच म्हणतात. माझी बहीण तिथं राहते. एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो, तर माझा तेरा वर्षांचा भाचा मला चहासुद्धा पिऊ न देता शेजारच्या आजोबांच्या परसात घेऊन गेला. झाडाखाली एक मासेमारीची होडी पडली होती. आत कुजका पालापाचोळा, हिरवं पाणी, बाकांखाली कोळ्यांची जाळी. आजोबा थकले होते. त्यांच्याच्यानं आता होडी नेणं होत नव्हतं. "नीट केलीस तर तुझी," ते म्हणाले, "पण पाण्यात घालण्याआधी मला दाखवायची!"

आमच्या मेहुण्यांचं मत होतं, की ती सरळ भंगारात द्यावी. आणि भाच्याचा बेत? "मामा, उद्या लाल रंग देऊ आणि परवा तळ्यात!"

तुम्हीही हेच म्हणाला असता ना? पण थांबा. आधी एक कोडं सोडवू. लोखंडाची होडी अशी उघड्यावर पडली असती तर गंजून तिची चाळण झाली असती. मग ही कशी टिकली?

त्याचं असं आहे, ॲल्युमिनियमला हवा लागली, की त्यावर लगेच ऑक्साइडचा एक थर बसतो. किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम चार-पाच! पण हा थर धातूला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र पापुद्र्यांसारखा सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. शिवाय ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून तर त्याची विमानं बनतात. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं, तेव्हा ग्रुमन या विमानं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं याच धातूच्या हलक्या होड्या बनवायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे एके काळी हा धातू फार महाग होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, एकमेकांना न सांगता, विजेच्या साहाय्यानं तो स्वस्तात मिळवण्याची एकच रीत शोधली. दोघंही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते!

बरं, आता कामाला लागू. पहिला दिवस नुसता घाण उपसण्यात गेला. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. भाच्यानं तारेची घासणी आणली होती, ती मी परत पाठवली. लोखंडाचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात, मग तेच गंजतात. पांढरट डागांवर व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म लावलं. (व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका हं! त्यातून विषारी वायू निघतो.)

मग आजोबांनी युक्ती सांगितली. "होडीत पाणी भरा." आम्ही चकितच झालो! होडीला खालून आधार देऊन आत वीतभर पाणी ओतलं. काठोकाठ नाही, कारण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. त्या भारानं होडीच वाकायची. आता भाचा खाली पालथा पडून बघू लागला. "मामा, इथं टपकतंय! इथंही!" अकरा रिव्हेट गळत होते. प्रत्येकाभोवती खूण केली. पाणी काढून, एकानं आतून जड लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून हातोडी मारायची, असे ते पुन्हा घट्ट बसवले. मागची फळी, जिला इंजिन अडकवतात, ती स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिली. 'टक्‌टक्' ऐवजी 'भद्‌भद्' आवाज आला. आतून कुजलेली! ती बदलली. मग पॉलिश पेपर, प्रायमर आणि सर्वांत शेवटी लाल रंग.

होडी काय दिसत होती म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी तळ्यावर जायचं ठरलं. संध्याकाळी भाच्यानं सहज पुन्हा एकदा पाणी भरून पाहिलं. मी घरात होतो. थोड्या वेळानं तो आला आणि गप्प उभा राहिला.

"मामा, एक रिव्हेट अजून ओला होतोय. अगदी थोडासा. कुणाला दिसणार नाही."

"मग?"

"तिथंच छकुली बसणार आहे." छकुली म्हणजे त्याची सहा वर्षांची बहीण.

तळ्याचा बेत चार दिवस पुढे गेला. नवा कोरा रंग त्यानं स्वतःच्या हातानं खरवडला, रिव्हेट ठोकला, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. तिथला रंग थोडा वेगळा दिसतो. आजोबा होडी बघायला आले, तेव्हा त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. भाच्यानं सगळं खरं सांगितलं. आजोबा एवढंच म्हणाले, "आता पाण्यात घाला."

आम्ही सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. मासा एकही मिळाला नाही. पण तीन तासांनी परत आलो, तेव्हा होडीचा तळ कोरडा होता!

घरी करून पाहा : जर्मनचं काळं पडलेलं पातेलं असेल, तर आईच्या किंवा बाबांच्या मदतीनं त्यात चिंचेचं पाणी दहा मिनिटं उकळा. मग ते फेकून द्या आणि पातेलं बघा. काळेपणा कुठं गेला? चिंचेत आणि व्हिनेगरमध्ये सारखं काय आहे? विचार करा आणि उत्तर कळवा.

तुमचा,
मामा