नवं पॉवरशेल, जुने पत्ते

जळगाव-धुळ्यात जिनिंगच्या, केळी व्यापाऱ्यांच्या, कॉलेजांच्या ऑफिसात संगणक सांभाळणाऱ्या मंडळींना हे सांगणं आहे. रात्री पावत्यांचा बॅकअप घेणारी एखादी पॉवरशेल स्क्रिप्ट कुणीतरी लिहून ठेवलेली असते. लिहिणारा पुण्याला नोकरीला जातो, स्क्रिप्ट इथेच चालत राहते. मग कुणी पॉवरशेल ७ टाकतं आणि ‘सगळं बिघडलं’ अशी ओरड होते. बहुतेक वेळा बिघडलेलं फारसं काही नसतं, नावं आणि जागा बदललेल्या असतात. म्हणून आधी नवं काढून टाकायला धावू नका.

जानेवारी २०१८ मध्ये आवृत्ती ६ आली, तेव्हा प्रोग्रामच्या फाइलचं नाव ‘पॉवरशेल’ऐवजी ‘पीडब्ल्यूएसएच’ झालं. डॉक्युमेंट्समधलं ‘विंडोजपॉवरशेल’ हे फोल्डर नुसतं ‘पॉवरशेल’ झालं. तुमची प्रोफाइल (पॉवरशेल उघडताच आपोआप चालणारी फाइल) जुन्या फोल्डरात पडून असते आणि नवं तिकडे बघतही नाही, म्हणून शॉर्टकट गायब झालेले दिसतात. नव्या खिडकीत डॉलरचं चिन्ह आणि त्याला लागूनच इंग्रजीत ‘प्रोफाइल’ लिहून एंटर दाबा, पूर्ण पत्ता समोर येईल. फोल्डर नसेल तर तयार करा आणि जुनी फाइल तिथे कॉपी करा. कट करू नका. विंडोजसोबत येणारं ५.१ त्याच मशीनवर राहतं आणि त्याला त्याची फाइल लागते.

त्या ५.१ च्या सिस्टिम फोल्डरचं नाव आजही ‘व्ही१.०’ आहे. ते बघून हात शिवशिवतात, पण त्याला हात लावू नका.

मराठी नावांची गोम वेगळी आहे. स्क्रिप्टमध्ये ‘केळी-पावत्या’ असं देवनागरी फोल्डर लिहिलं असेल आणि फाइल बीओएमशिवाय यूटीएफ-८ मध्ये असेल, तर ७ ते नीट वाचतं, ५.१ मात्र त्याची चिरफाड करतं आणि फोल्डर सापडत नाही म्हणतं. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडा, दोन्हीकडे चालेल.

तुम्ही स्वतः बदललेली नावंही आठवा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्येच बहिणाबाईंचं नाव मिळालं. ज्या ऑफिसात तेव्हा ‘एनएमयू’ फोल्डरला नवं नाव दिलं, तिथे स्क्रिप्टमधला पत्ता कुणी बदलला का? ‘सिलेक्ट-स्ट्रिंग’ ही कमांड जुनं नाव कोणकोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत आहे ते दाखवते. सापडलं की तो पत्ता स्क्रिप्टच्या डोक्यावर एकदाच एका व्हेरिएबलमध्ये लिहा आणि खाली सगळीकडे तेच वापरा. जुन्या नावाचं रिकामं फोल्डर करून वेळ मारून नेणारे भेटतात. त्यांचा बॅकअप रिकाम्या फोल्डराचा होतो आणि एररही येत नाही!

शेवटी टास्क शेड्युलर. तिथे ‘पॉवरशेल’ लिहिलेलं असेल तर नवं टाकूनही रात्री ५.१ च चालतं. नव्यावर चालवायचं असेल तर तिथे ‘पीडब्ल्यूएसएच’चा पूर्ण पत्ता द्या. मग रात्रीची वाट बघू नका. दिवसाच राइट क्लिक करून ‘रन’ करा, बॅकअपचं फोल्डर उघडा आणि आजच्या तारखेची फाइल आली का, तिचा आकार शून्य तर नाही ना, ते बघून घ्या.