मनामाच्या खटल्यांचा पाठपुरावा सोडू नका



१३ जुलै २०२० रोजी बहारीनच्या सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रमदान आणि हुसेन मूसा यांचा देहदंड कायम केला. त्यानंतर अपिलाला जागा राहिली नाही. आता या दोघांच्या आणि बंदुकांच्या मध्ये फक्त राजाचा निर्णय आहे. त्या देशात असा निर्णय किती झटपट होतो, हे आधी दिसलेलं आहे. २०१७ साली तिघांची शिक्षा ९ जानेवारीला कायम झाली आणि १५ जानेवारीला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. विनंती करायला, पत्र लिहायला, कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला सगळ्या जगाला मिळाले ते सहा दिवस. जुलै २०१९ मध्ये आणखी दोघांना गोळ्या घातल्या. म्हणून हे आवाहन आज करते आहे. तारीख जाहीर झाल्यावर केलेल्या आवाहनाचा उपयोग नसतो.

रमदान विमानतळावर सुरक्षारक्षक होता आणि मूसा हॉटेलात कामाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अल-दैर गावात स्फोटात एक पोलीस मारला गेला, त्या गुन्ह्यासाठी वर्षअखेरीस दोघांना देहदंड सुनावला. खटल्याचा मुख्य आधार होता मूसाचा कबुलीजबाब. आपल्याला मारहाण करून, टांगून ठेवून तो घेतला, असं तो पहिल्यापासून सांगत आला आहे. रमदाननेही छळाची तक्रार केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून प्रकरण फेरविचाराला पाठवलं, आणि जानेवारी २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने पुन्हा तीच शिक्षा दिली.

याची मुळं २०११ मध्ये आहेत. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला निदर्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी राजधानी मनामाच्या लुलु चौकात लोक जमले. मार्चच्या मध्यात शेजारच्या देशांच्या फौजा आल्या, आणीबाणी लागली आणि लष्करी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली खास न्यायालयं बसली. २२ जूनला त्यांनी एका फटक्यात २१ जणांना शिक्षा ठोठावल्या, त्यांतल्या आठ जन्मठेपेच्या. सप्टेंबरमध्ये सल्मानिया रुग्णालयाच्या २० डॉक्टर-परिचारकांना ५ ते १५ वर्षांची कैद झाली. खुद्द राजाने नेमलेल्या बासिउनी आयोगाने नोव्हेंबरात अहवाल दिला: ३५ मृत्यू, त्यांतले पाच कोठडीतल्या छळाने. पुढे यांतल्या एका कोठडीमृत्यूसाठी दोन पोलिसांना दहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती दोन वर्षांवर आली.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र जगभरातून ओरड झाली. खटला नागरी न्यायालयात पुन्हा चालला आणि जून २०१२ मध्ये नऊ जण सुटले. बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षाही बऱ्याच कमी झाल्या.

जन्मठेपेच्या त्या आठांपैकी एकाबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. डॉ. अब्दुलजलील अल-सिंगेस हे बहारीन विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. लहानपणच्या पोलिओमुळे त्यांना कुबड्या किंवा चाकांची खुर्ची लागते. तुरुंगात चार वर्षं खपून त्यांनी आपल्या बेटावरच्या अरबी बोलींवर पुस्तक लिहिलं. गावागावातलं बोलणं, त्यातले फरक. त्यात राजकारण नव्हतं. २०२१ मध्ये ते हस्तलिखित जप्त झालं. ८ जुलै २०२१ पासून त्यांनी घन अन्न नाकारलं. मागणी एवढीच, की माझे कागद माझ्या घरच्यांकडे द्या.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं. जून १९१४ मध्ये ते सुटले तेव्हा सरकारने त्या वह्या लगेच दिल्या नाहीत, आणि पुण्यात काळजी पसरली. वह्या पुढे परत आल्या, म्हणून १९१५ मध्ये पुस्तक छापून झालं. परक्या सत्तेनेसुद्धा कैद्याची वही अखेर परत केली होती. ज्या समाजाने ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घरात ठेवलं, त्याने एका पोलिओग्रस्त प्राध्यापकाच्या कागदांसाठी शब्द टाकू नये, हे मला पटत नाही.

बाहेरच्यांनी लिहिलेल्या पत्रांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांनी टिळकांचाच राजद्रोहाचा पहिला खटला आठवावा. १८९७ मध्ये त्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली. मॅक्स म्यूलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी यांनी अर्जावर सह्या केल्या आणि टिळक मुदतीआधी, सप्टेंबर १८९८ मध्ये घरी आले. मॅक्स म्यूलर पुण्यात कधी आले नव्हते. ते ऋग्वेदाचे अभ्यासक होते, टिळकही होते, तेवढी ओळख त्यांना पुरली.

बहारीनमध्येही हे घडलेलं आहे. १९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावरून मनामात निदर्शनं आणि जाळपोळ झाली. अब्दुलरहमान अल-बाकिर, अब्दुलअझीझ अल-शमलान आणि अब्दुलअली अल-अलीवात या तीन पुढाऱ्यांना राजघराण्यातल्याच न्यायाधीशांनी १४ वर्षांची शिक्षा दिली आणि ब्रिटिशांनी त्यांना थेट सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवलं. पहिला अर्ज फेटाळला गेला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही नकार दिला. पण इंग्लंडमधल्या वकिलांनी, वर्तमानपत्रांनी आणि खासदारांनी विषय सोडला नाही. १९६१ मध्ये त्याच बेटावरच्या न्यायालयाने ती कैद बेकायदा ठरवून तिघांना सोडलं. पाच वर्षं कुणीतरी तारखा मोजत होतं, म्हणून ते सुटले.

मारल्या गेलेल्या पोलिसांच्या घरांचं दुःख मी लहान मानत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मनामात अदलिया आणि कुदैबिया भागांत बॉम्ब फुटले. त्यात दोन आशियाई कामगार गेले, पोटासाठी तिथे आलेली माणसं. २०११ मध्ये दक्षिण आशियाई मजुरांवर जमावाने केलेल्या हल्ल्यांची नोंदही बासिउनी आयोगाने घेतली आहे. या सगळ्यांना न्याय हवा. मारून घेतलेल्या कबुलीवर कुणाला तरी गोळ्या घातल्या, तर खरा गुन्हेगार कोण हा प्रश्न कायमचा गाडला जातो. त्यात मृतांच्या घरच्यांचीही फसवणूकच आहे.

अदलियाच्या लगत माहूज आहे. आज तिथे भारतीय कुटुंबंही राहतात. माहूजमधल्या, एकूणच बहारीनमधल्या आपल्या माणसांना माझी वेगळी विनंती आहे: तुम्ही यात पडू नका. सही करू नका, फेसबुकवर लिहू नका, हा मजकूर पुढे पाठवू नका. तिथे एका ट्वीटसाठी माणसं वर्षानुवर्षं आत गेली आहेत आणि परदेशी माणसाची नोकरी, व्हिसा, घर एका दिवसात जातं. तुमच्या वाटचं काम मुंबईत, कोल्हापुरात, लंडनमध्ये, न्यू जर्सीत बसलेल्या आम्हाला करायचं आहे.

एप्रिल २०२४ मध्ये राजाने १,५०० हून अधिक कैद्यांना माफी दिली. त्यांत शेकडो राजकीय कैदी होते. म्हणजे सही होऊ शकते. त्या यादीत डॉ. सिंगेस नव्हते, जन्मठेपेच्या त्याच आठांपैकी अब्दुलहादी अल-ख्वाजा नव्हते, १९४८ साली जन्मलेले हसन मुशैमा नव्हते. रमदान आणि मूसाही नव्हते.

नवी दिल्लीत बहारीनचा दूतावास आहे. राजदूतांच्या नावे एक पत्र लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, सोबत इंग्रजी किंवा हिंदी प्रत जोडा. ही पाचही नावं त्यात पूर्ण लिहा. भाषा आदराची ठेवा, शिवीगाळ असलेलं पत्र कुणी वाचत नाही आणि त्याचा त्रास कैद्याला होतो. मागण्या अशा: रमदान आणि मूसा यांचा देहदंड थांबवून त्या कबुलीशिवाय नव्याने खटला चालवावा, डॉ. सिंगेस यांचं हस्तलिखित कुटुंबाला द्यावं, आणि त्यांना, ख्वाजांना व मुशैमांना सोडावं. तेच पत्र आपल्या खासदाराला पाठवा आणि परराष्ट्र मंत्रालयाला विचारायला सांगा. बहारीनशी आपले संबंध जवळचे आहेत, १९६५ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, त्यामुळे दिल्लीने विचारलं तर मनामात ऐकलं जातं.

संपादकांनो, तुमच्याकडे परदेशाच्या पानावर जागा असते. शिक्षा सुनावली त्या दिवशी तुम्ही बातमी दिलीत. पुढच्या प्रत्येक अपिलाची, फेटाळलेल्या प्रत्येक अर्जाचीही द्या. पाठपुरावा सुटला की काय होतं, ते आपल्याकडेच बघा: मुंबईच्या १९९२–९३ च्या दंगलीतले ९७ खटले सुप्त नोंदीत पडून होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला त्यांतले आरोपी शोधा असं सांगावं लागलं. आपण विचारणं थांबवलं होतं, म्हणून ते तिथे तीस वर्षं पडून राहिले.

पत्र याच आठवड्यात टाका. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरं टाका, आणि त्यावर पहिल्या पत्राची तारीख लिहा.