भाव जमिनीचा की जातीचा?

कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. मन्मथस्वामींच्या समाधीपुढं माणूस वाकतो. बाराव्या शतकात कल्याणात बसवण्णांच्या शरणांनी ब्राह्मणाची पोर आन् चांभाराचा पोरगा यांचं लगीन लावलं, त्याच परंपरेतला हा माणूस. पण डोंगर उतरून मांजरसुंब्याच्या रस्त्याला प्लॉट बघायला गेला की दलालाला पहिला सवाल टाकतो, 'शेजारी वस्ती कोणाची?'

मित्रांनो, ह्या एका सवालात भाव ठरून जातो.

शहाणी माणसं सांगतात, घर घेणाऱ्यानं भागाचा दर्जा तपासावा. रस्ता, पाणी, गटार, शाळा, शेजाऱ्याची कमाई. तपासा की! पण दर्जा आभाळातून पडतो काय? गावाचं सांडपाणी आमच्या दारात सोडलं. नळ आमच्याकडं शेवटी आला. डांबर वेशीपाशी संपलं. मग भाव पडला. आन् आता तोच पडलेला भाव दाखवून म्हणतात, भाग हलका आहे. आधी पाय तोडायचे, मग लंगडा म्हणून हिणवायचं!

मुद्रांक खात्याच्या मूल्यदर तक्त्यात जातीचा रकाना नाही. गरजच काय? तो रकाना दलालाच्या डोक्यात आहे. आडनाव विचारलं की भरतो.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं महारवाडा, मांगवाडा ही नावं पुसून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. बरं झालं. पाटी बदलली, नळाचं काय? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ सांगतं, अस्पृश्यतेपायी कुठल्याही भागात घर घ्यायला आडकाठी करणं गुन्हा. आणि २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला फक्त पारशीच सभासद ठेवायची मुभा दिली. एका हातानं दार उघडायचं, दुसऱ्या हातानं कडी घालायची.

आपल्यातला साहेबही कमी नाही. नोकरी लागली की आडनाव गिळून 'चांगल्या' कॉलनीत जातो. त्याला घर मिळतं. वस्तीचा भाव तिथंच.

म्हणून दोस्तांनो, तक्ता फाडू नका, उलटा वाचा. भाव जिथं सगळ्यात कमी, तिथं हिशेब सगळ्यात मोठा. वस्ती विकासाचा पैसा जिल्हा परिषदेतून येतो. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. किती आला? कुठल्या रस्त्यावर पडला? प्लॉट नाकारला तर आडनाव ठणकावून सांगून फिर्याद द्या.

भाग हलका जन्मत नाही, हलका केला जातो. ज्यांनी केला त्यांना जाब विचारा.

जय भीम!