दारावरचे दलाल

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक पाटी आहे : 'फेरीवाले व विक्रेते यांस प्रवेश बंद'. या पाटीने आजवर भाजीवालीस अडविले, बोहारणीस अडविले, कल्हईवाल्यास तर कायमचे हद्दपार केले. परंतु इस्त्रीचा सदरा घालून, हातात मोबाईल घेऊन जो तरुण भर दुपारी जिना चढतो आणि एकेका दाराची घंटा वाजवीत जातो, त्यास ती कधीच अडवू शकली नाही. तो काही विकावयास येत नाही. आपले घर आपणास विकावयास लावण्यासाठी येतो.

मुंबईच्या उपनगरातील आमची सहकारी गृहनिर्माण संस्था सत्तरीच्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही, बहुसंख्य सभासद निवृत्त आणि मुले दूरदेशी. इस्टेट एजंटांच्या दृष्टीने अशी इमारत म्हणजे पाडाला आलेला आंबाच.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरील एका वृद्ध शेजाऱ्यांचे निधन झाले. तेरावा व्हायचा होता, तोच त्यांच्या पत्नीच्या दारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. "मावशी, एकट्या कशा राहणार एवढ्या घरात? बाकी सगळ्यांनी पुनर्विकासाला सह्या दिल्या, तुमचीच तेवढी राहिली आहे." बाई घाबरल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघा-तिघांनी दारोदार चौकशी केली, तेव्हा सही एकानेही दिली नसल्याचे उघड झाले. 'तुमचीच तेवढी राहिली' हे वाक्य मात्र प्रत्येक दारात उच्चारले गेले होते.

हे वाक्य म्हणजे केवळ एका माणसाची लबाडी नव्हे. या धंद्याचे ते भांडवलच आहे. ४ जुलै २०१९ च्या शासकीय आदेशाने पुनर्विकासासाठी लागणारी संमतीची पूर्वीची ७५ टक्क्यांची अट ५१ टक्क्यांवर आली. या बदलास माझा सरसकट विरोध नाही. चार आडमुठ्या सभासदांपायी गळक्या छपराखाली जीव मुठीत धरून राहणारी बिऱ्हाडे मी पाहिली आहेत. परंतु निम्म्याहून एक अधिक सही मिळविली की काम झाले, असे ठरताच एकेका सहीचा बाजारभाव वाढला. आदेशाची कल्पना अशी की निर्णय सभेत व्हावा, विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी आणि कामकाजाचे चित्रीकरण व्हावे. दलालाचे सारे कौशल्य तो निर्णय सभेपूर्वीच, उंबऱ्यावर, एकेकट्या माणसाकडून उरकून घेण्यात असते. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ग्राहक आणि विक्रेता दोघेही बाजारभाव जाणून व्यवहार करतात. या उंबऱ्यावर चटईक्षेत्राचा हिशोब एकाच्या खिशात असतो आणि दुसऱ्याच्या घरात सुतक असते.

यावर कायदा नाही काय, असे कार्यकर्ते विचारतील. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्याखालील प्राधिकरणही काम करू लागले. एजंटास नोंदणी सक्तीची झाली. पण ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील खरेदी-विक्रीपुरती. पन्नास वर्षांच्या जुन्या इमारतीतील घर विकून देणारा, अथवा पुनर्विकासासाठी सह्या गोळा करीत हिंडणारा, त्या कक्षेबाहेरच राहतो. त्याच्यापाशी ना नोंदणी क्रमांक, ना त्याच्याविरुद्ध तक्रार नेण्याची सोय.

पहारेकऱ्यास दोष देणे सोपे आहे. कोणत्या घरी आजारपण आहे, कोठे म्हातारी एकटी उरली, ही बातमी शे-दोनशे रुपयांत तोच पुरवितो. मात्र ठेकेदाराकडून तुटपुंजा पगार घेऊन बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाकडून आम्ही कोणत्या निष्ठेची अपेक्षा करतो? त्या तरुणाचीही तीच कथा. एकदा मी त्यास आत बसवून पाणी दिले. वाणिज्य शाखेचा पदवीधर निघाला; पगार शून्य, व्यवहार जुळला तर टक्केवारी. अशाच मुलांना मी तीस वर्षे शिकविले. सही दिली नाही, पण दार आपटण्याचेही धैर्य झाले नाही.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते आपापल्या संस्थांत सचिव वा समिती-सदस्य आहेत. त्यांनी पुढाकार घ्यावा. पुनर्विकासाविषयीची कोणतीही सही सभेबाहेर दिली जाणार नाही, प्रस्ताव संस्थेच्या नावे लेखीच यावा व त्याची प्रत सूचनाफलकावर लागावी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना कोणी भेटावयास आल्यास शेजाऱ्यास हाक मारावी, एवढे ठराव करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. जुन्या घरांचे दलालही नोंदणीच्या कक्षेत आणावेत, ही मागणी विधिमंडळापर्यंत नेण्याचे काम मात्र पक्षाचे आहे.

आमच्या संस्थेत हे ठराव झाले. पाटीवर 'इस्टेट एजंट' हे शब्द नव्याने रंगविण्यात आले. त्याच सभेत भाजीवालीस सकाळी नऊ ते अकरा आत येऊ देण्याचा ठराव मी मांडला. बराच वाद झाला आणि तो दोन मतांनी संमत झाला.